नांगर तोडोन आलेल्या कप्तानाची बखर

॥ श्री ॥ खाऱ्या पाण्याचा धनी जो वरुणदेव, त्याचे पायांसी मस्तक ठेवोन, आणि ज्या शारदेने आमचे बोरूस चालते केले तिचे स्मरण करोन, हे वर्तमान लिहावयास बसलो. शके १६६४, दुंदुभीनाम संवत्सर, या साली हकीकतीचा आरंभ जाहला. लिहिणार कोण, त्याचे नाव-गाव पुसो नये. खाडीपलीकडे तरीतून जावे लागले तरी जो डोळे मिटोन देवाचा धावा करितो, ऐसा तो थोर दर्यावर्दी आहे. परंतु चांगल्या माणसाची गोष्ट कानी आली असता ती पोटात ठेवणे हे आमच्याने होत नाही. यास्तव लिहिले. श्रोत्यांनी गोड करोन घ्यावे.

पश्चिमसमुद्री एक राज्य आहे. बेटाचे राज्य, चहूंकडे पाणी, आणि वर आभाळ ते बारमाही सुतक पडल्यासारखे. तेथील लोक डोईस टोपी घालितात, चार महिने ऊन पडले नाही तरी चकार शब्द काढीत नाहीत, आणि एक दिवस पडले तर तीच गोष्ट पुढील पावसापर्यंत बोलत बसतात. राज्याची सारी मदार आरमारावर. राजाचे खालोखाल दर्यादरबार, आणि दर्यादरबाराचे खालोखाल, खरे पुसाल तर चार बोटे वरच, दर्याकोठी. जहाजांस लागणारे दोर, शिडे, डांबर, तोफा आणि नांगर हे सर्व कोठीतून मिळे, आणि कोठीची एक जुनी चाल होती. डोलकाठी मोडली तर तो वाऱ्याचा अपराध, शीड फाटले तर पावसाचा, माणूस मेला तर ईश्वराची इच्छा. परंतु नांगर हा वाऱ्याने उडत नाही आणि पाण्यात विरघळत नाही, तो गेला म्हणजे कोणी तरी हाताने त्याचा दोर तोडिला. आणि ज्या कप्तानाचे हुकुमाने दोर तुटला त्याने तो नांगर परत कोठीत आणोन घालावा, तोवर त्यास दुसरे जहाज देणे नाही. आता नांगर म्हणजे काय नथीतला मोती आहे की गोधडी झाडिली आणि सापडला? चार बैलांस न ओढवे ऐसे ते लोखंड. त्यामुळे वादळ सुटले, जहाज खडकांकडे चालिले, तरी कप्तान नांगरास कवटाळोन बसत, आणि नांगर, जहाज, माणसे सारे एकेच ठिकाणी तळास जाई. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. परंतु शहाण्या लोकांची चूक शहाणपणाची असते, तीस चूक म्हणावयास कोणी धजत नाही.

याच राज्याचे नैर्ऋत्येस, जेथे जमीन समुद्रात बोट घालोन बसली आहे, तेथे हास्कीन नामे एक गरीब धर्मोपदेशक होता. घरात तोंडे बहुत आणि ताटे थोडी. त्या मुलखाची रीत ऐसी की थोरल्यास जमीन, धाकट्यास देऊळ, आणि मधल्यास समुद्र. त्याप्रमाणे मधला पुत्र बार्नबी यास सदरहू साली आरमारात घातले. आरंभी त्याने जे जे खाल्ले ते ते माशांस अर्पण केले, मग पोटाचा आणि दर्याचा तह जाहला, आणि तो दोर चढो लागला, तारे ओळखो लागला, तोफेचे कामी हुशार जाहला, आणि यथाकाळी नायबीची परीक्षा द्यावयास उभा राहिला. परीक्षेस तीन बुजुर्ग कप्तान बसले होते. त्यांनी पुसिले, "वादळात सापडलास, खडक जवळ आले, नांगर घसरतो. काय करशील?" बार्नबी बोलिला, "दुसरा टाकीन." "तोही घसरला?" "तिसरा टाकीन." "तोही घसरला, मग?" तेव्हां बार्नबी बोलिला, "मग साहेब, दोर तोडीन, शीड उभारीन आणि माणसे घेवोन निघोन येईन." तिघे एकमेकांकडे पाहते जाहले. एकाने तपकीर ओढिली, एकाने खिडकीबाहेर पाहिले, आणि जो सर्वांत म्हातारा तो हळू आवाजे म्हणाला, "पोरा, उत्तर खरे आहे. परंतु ऐसे मोठ्याने बोलो नये." आणि त्यास पास केले. बार्नबीस त्या समयी वाटले की म्हाताऱ्याचा घसा बसला असेल.

पुढे शके १६८१, प्रमाथीनाम संवत्सर, या साली शेजारचे राजाशी युद्ध चालू असता हास्कीन कप्तान जाहले आणि त्यांस 'कुररी' नामे लढाऊ गुराब मिळाली. गुराब लहान, परंतु चालीस घोडीसारखी. तिजवर जॉब पास्को म्हणोन खलाशांचा तांडेल होता, त्याच मुलखातला, दाढी डांबराने माखलेली, जिव्हेस हाड नाही, आणि कप्तानावर जीव टाकणारा. राज्याचे मोठ्या बंदरासमोर एक आखात आहे, किनारा कोयतीसारखा वाकडा म्हणोन त्यास कोयतीचे आखात म्हणत. बाहेर निघावयास वारा अनुकूल होई तोवर सारी जहाजे तेथेच नांगर टाकोन वाट पाहत, आणि वारा एकाएकी दक्षिणेचा फिरला तर तीच जागा सापळा होई, कारण मागे सारा खडक. त्या वर्षी आश्विनमासी दोन प्रहरी ऐसाच वारा फिरला. आखातात दोन जहाजे होती, एक 'कुररी' आणि दुसरे 'राजमुकुट' नामे थोर जहाज, त्यावर कप्तान एडमंड एल्ड्रिज. दोघांनीही एकामागोन एक सारे नांगर टाकिले, आणि सारे नांगर चिखलातून नांगरणी केल्यासारखे घसरो लागले. पास्को येऊन म्हणाला, "साहेब, खडकावरची शेवाळ दिसो लागली. आता पोरांनी देवाचे नाव घ्यावे की कुऱ्हाड?" कप्तानांनी 'राजमुकुटा'कडे पाहिले. तेथे कप्तान एल्ड्रिज पाठीमागे हात बांधोन उभे होते, आणि त्यांचे सारे दोर ताणलेले होते. मग हास्कीन बोलिले, "कुऱ्हाड आण." आणि त्यांनी आधी दोन दोर तोडिले, एक ठेविला, आणि शिडे सोडोन त्या एका नांगराचे आधारे गुराबेचे तोंड गरकन् वाऱ्याचे दुसरे अंगास फिरविले, आणि शिडांत वारा भरला तो क्षण साधोन ओरडिले, "तोड!" पास्कोने घाव घातला, शेवटला नांगर तेथेच राहिला, आणि 'कुररी' खडकास अंग घासल्यासारखी करोन मोकळ्या समुद्रात निघाली. मागे पाहावयाचे नव्हते, तरी सर्वांनी पाहिले. 'राजमुकुट' शेवटपर्यंत नांगर धरोन राहिले आणि संध्याकाळी खडकांवर फुटले. त्यातील मनुष्य एकही आले नाही.

हास्कीन आपली सारी माणसे घेवोन बंदरी आले. तेव्हां लोकांनी पागोटी, म्हणजे टोप्या, उडविल्या, खलाशांच्या बायका आपापल्या नवऱ्यांच्या गळ्यांत पडल्या, आणि आठवड्याचे आत दर्याकोठीचे बोलावणे आले. कोठीचे मुख्य कारभारी ऑगस्टस एल्ड्रिज, हे बुडालेल्या कप्तानाचे सख्खे थोरले बंधू. गृहस्थ सचोटीचा, लाच म्हणोन फुटका खिळा घेणार नाही, परंतु चेहरा ऐसा की दूध पाहील तर दही होईल. त्यांचे बाहीवर सुतकाची काळी फीत होती. हत्ती गेला आणि शेपूट राहिले ऐसे आपण म्हणतो, येथे हत्ती सुखरूप आला होता आणि कारभारी शेपटाची चौकशी करीत होते. पुसिले, "नांगर कोठे?" "आखातात, साहेब." "का?" "माणसे वाचवावयाची होती." तेव्हां एल्ड्रिज उठोन खिडकीपाशी गेले आणि मागे न वळता बोलिले, "कप्तान, माझा भाऊ त्याच पाण्यात होता. त्याने दोर तोडिला नाही. आज तुम्हांस शाबासकी दिली तर उद्या झुळूक आली की प्रत्येक कप्तान कुऱ्हाड घेईल, आणि राज्याचे सारे लोखंड माशांचे घरी जाईल. ज्याने नियम पाळिला तो मूर्ख होता, ऐसे मी माझ्या आईस लिहू काय?" यावर हास्कीन टोपी उचलोन बाहेर पडले. भावाचे दुःखासमोर कोणाचे डोके चालते? एडमंड एल्ड्रिज यांचा संगमरवरी पुतळा मोठे देवळात उभा राहिला, आणि हास्कीन घरी बसले.

बसले ते बसलेच. ते युद्ध संपले, मग शांतता जाहली, मग दुसरी युद्धे जाहली, आणि दर वेळी हास्कीन चांगला अंगरखा झाडोन दर्यादरबारी जात, दिवसभर दालनात बसत, आणि उत्तर तेच येई की नांगर आणा. त्यांच्यामागून आलेली पोरे दर्यासारंग जाहली. लहान गावी ते समुद्राचे दिशेस दार असलेल्या घरी राहत. त्यांची बायको तामसीनबाई, कोळ्याची लेक, बुद्धीने तेज आणि जिव्हेने त्याहून. गावची टवाळ पोरे त्यांस 'नांगऱ्या कप्तान' म्हणत, आणि कप्तान हसोन घेत, परंतु बाई झाडू घेवोन धावत. कप्तानांनी कोबी लाविली, ती गोगलगाईंनी खाल्ली. मधमाश्या पाळिल्या, त्या उडोन गेल्या. एके दिवशी सकाळी ते ओसरीवर येरझारा घालीत असता बाई बोलिल्या, "अहो, इतकी वर्षे पाहत्ये, तुम्ही ओसरीवर चालता तेही जहाजाचे फळीवर चालल्यासारखे. टोकास जाता, दर्याकडे पाहता, वळता. मला तुमची दया येत नाही, राग येतो. त्यांस नांगर पाहिजे ना? मग आखात काय कोणी उचलोन नेले? नांगरास काय पाय फुटले?" कप्तान बोलिले, "वेडे, त्या पाण्यात तो कोठे शोधावा?" बाई म्हणाल्या, "माझा बाप बुडालेली होडी काढीत असे. ओहोटीस दोर आखडोन बांधावा, आणि भरतीस काम सांगावे. दर्याने घेतले ते दर्याकडोनच उचलवावे. तुम्ही आरमारवाले सदा दर्याशी भांडता, कधी त्याचे हाताखाली काम केले नाहीत." हे बोलणे कप्तानांचे मनास लागले. त्यांनी कोबीचा वाफा तसाच टाकिला आणि पास्कोस बोलावू पाठविले.

पास्कोचा एक पाय मध्यंतरी तोफेचे गोळ्याने नेला होता, त्याजागी लाकडाचा होता, जीभ मात्र शाबूत होती. मग उन्हाळ्याचे दिवसांत, समुद्र निवळ असता, हास्कीन, पास्को, तामसीनबाई आणि तिचे माहेरचे कोळी दोन-तीन होड्या घेवोन आखातात जाऊ लागले. दोरास चौमुखी आकडे बांधोन तळ खरवडीत, काही अडकले की ओहोटीची वाट पाहत, होड्यांस दोर घट्ट आवळीत, आणि मग भरती आली की होड्या आपोआप वर उठत आणि तळचे लोखंड चिखलातून सुटोन येई. ते तसेच लोंबकळत किनारी आणोन वाळूवर टाकीत. पहिला नांगर आला तेव्हां बाईंनी देवाचे आभार मानिले, कप्तानांनी शिंपले खरवडोन दांडी पुसिली, आणि पाहतात तो खूण 'कुररी'ची नव्हे. दुसरा आला, तोही दुसऱ्याचाच. तिसरा, चवथा, आणि ऐसे करिता करिता उन्हाळ्यामागोन उन्हाळे गेले आणि वाळूवर नांगरांची रांग लागली, बाजार भरल्यासारखी. प्रत्येकाचे दांडीवर कोठीचा छाप आणि जहाजाची खूण. आणि प्रत्येकाचे कडीस कुऱ्हाडीने तोडलेल्या दोराचा कुजका तुकडा, नाही तर त्याची गाठ.

तेव्हां कप्तान त्या खुणा पहिल्यापासोन पुन्हा वाचो लागले. कारण ही जहाजे त्यांस ठाऊक होती, त्यांतले एकही बुडालेले नव्हते, आणि त्यांचे कप्तान आज दर्यादरबारी मानाने मिरवीत होते. ज्यांनी ज्यांनी या आखातातून प्राण वाचविले त्या सर्वांनी दोर तोडिला होता, आणि सर्वांनी गुपचूप व्यापारी जहाजाचा नांगर पैदा करोन, त्यास रंग फासोन, राजाचा म्हणोन लटकाविला होता. परीक्षेतले म्हाताऱ्याचा घसा का बसला होता ते हास्कीनांस आता उमजले. सर्वांत मोठा नांगर निघाला तो 'प्रताप' जहाजाचा, ज्याचे एके काळचे कप्तान मॉर्डनसाहेब हे आज सर्व आरमाराचे दर्यासारंग होते. पास्कोने डोळे मिचकाविले आणि म्हणाला, "साहेब, झाकली मूठ सव्वा लाखाची. मॉर्डनसाहेबांचे कानी हळूच घालावे, की आपली वस्तू आम्हांपाशी आहे. उद्या गुराब, परवा मोठे जहाज." हास्कीन बोलिले, "पास्को, या दोरावर घाव पडला तेव्हां तीनशे माणसे आपापल्या घरी जेवावयास गेली. त्या पुण्याचा मी सौदा करू काय?" पास्को चिडोन बोलिला, "मग बसा कोबी लावीत!" परंतु त्यानेच जुने शीड आणोन त्या नांगरावर घातले आणि खूण झाकिली. स्वतः हास्कीनांच्या नांगरांपैकी मात्र एकही काही केल्या मिळेना. दर्या मोठा विनोदी आहे.

ऐसे असता शके १७००, विलंबीनाम संवत्सर लागले, शेजारचे राजाने पुन्हा युद्ध मांडिले, आणि सारे आरमार मॉर्डनसाहेबांचे हाताखाली कोयतीचे आखातात गोळा होवोन वाऱ्याची वाट पाहो लागले. शत्रूची जहाजे दोन दिवसांचे वाटेवर, इकडे जहाजे आहेत तर कप्तान पुरत नाहीत, आणि त्यात कोठीस खबर गेली की कोणी राजाचे मालकीचे लोखंड परवानगीविना किनारी जमा करितो. एल्ड्रिज कारभारी, आता केस पिकलेले, स्वतः गाडी करोन आले. त्यांचे पाठोपाठ तमाशा पाहावयास जहाजांवरोन कप्तान उतरले आणि मॉर्डनसाहेबही काठी टेकीत आले. हास्कीन टोपी काढोन उभे राहिले आणि बोलिले, "साहेब, माझे नांगर शोधीत होतो. ते सापडले नाहीत. हे सापडले." एल्ड्रिज रांगेतून चालो लागले, एकेक खूण वाचीत, आणि एकेका खुणेसरशी मागे उभा असलेला एकेक कप्तान आपले बुटांचे टोकाकडे पाहो लागला. चोराच्या मनात चांदणे, ते भर दुपारी पडले. रांगेचे शेवटी शीड घातलेला नांगर होता. मॉर्डनसाहेब तेथे थबकले आणि पुसिले, "हाच एक का झाकिला?" हास्कीन बोलिले, "म्हातारा आहे साहेब, वारा लागेल." मॉर्डनसाहेबांनी त्यांचे तोंडाकडे पुष्कळ वेळ पाहिले. मग स्वतःचे हाताने शीड ओढोन काढिले, आणि दांडीवर हात ठेवोन सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलिले, "हा माझा. दोर मी तोडविला. आणि आजवर कोणास सांगितले नाही." मग थोडी चुळबुळ जाहली, आणि एक कप्तान पुढे येऊन एका नांगरापाशी उभा राहिला. मग दुसरा. मग एक तरुण लाजत लाजत म्हणाला, "हा माझ्या मामांचा, ते आता नाहीत, त्यांचे वतीने मी." पाहता पाहता प्रत्येक नांगरास आपला माणूस मिळाला.

एल्ड्रिज रांगेकडे पाहत राहिले. नियम पाळावा तर या सर्वांस आत्ताच घरी बसविले पाहिजे आणि शत्रूस बंदरात जेवावयास बोलाविले पाहिजे; न पाळावा तर आजवर काय केले? इकडे आड, तिकडे विहीर. त्यांनी इतकेच म्हटले, "हे सारे परत पाण्यात लोटा. कोणी पाहिले नाही." तामसीनबाई होडीपाशी उभ्या होत्या, त्यांच्याने राहवेना. बोलिल्या, "वा कारभारी! राजाचा नांगर जाणोन समुद्रात टाकणे हा अपराध ना? त्याचपायी माझा नवरा म्हातारा जाहला." एल्ड्रिज एका नांगरावर बसले, टोपी काढिली, आणि त्या सचोटीचे, कोरड्या गृहस्थाचा आवाज पोरासारखा फुटला. म्हणाले, "सर्वांनी तोडिले. सर्वच तोडीत होते. मग माझा एडमंड का मेला?" मॉर्डनसाहेब पुढे आले, त्यांचे खांद्यावर हात ठेविला, आणि बोलिले, "एल्ड्रिज, तो मेला कारण आम्ही खरे बोललो नाही. तो माझ्याच हाताखाली शिकला. दोर तोडिता येतो, तोडावा लागतो, हे मी त्यास कधी सांगितले नाही. आमची लाज राहिली आणि तुझा भाऊ गेला. खरे बोलणारा एकच निघाला, त्यास आपण घरी बसविले." एल्ड्रिज उघड्यावर, सर्वांसमक्ष रडले. आणि लिहिणारास वाटते की पुतळा उभा केल्या दिवसापासोन ते रडणे त्यांचे पोटात अडकोन होते, ते त्या दिवशी सुटले.

मग डोळे पुसोन त्यांनी तेथेच निर्णय सांगितला. आजपासोन जिवावर बेतले असता कप्तानाने दोर तोडावा, बंदरी येऊन जागा सांगावी, आणि उन्हाळ्यात कोळ्यांनी भरतीचे हाताने नांगर काढावे. मॉर्डनसाहेब म्हणाले, "आणि हास्कीन?" एल्ड्रिज बोलिले, "त्यांचा एकही नांगर अद्याप आला नाही." सर्वांचे चेहरे उतरले. मग एल्ड्रिज हास्कीनांजवळ आले आणि म्हणाले, "आपले टाकिलेत आणि त्याहून कितीतरी आणिलेत. कप्तान, आता मी नांगर मागितला तर माझी आई वर बसोन मला शाप देईल. 'सागरकन्या' नामे जहाज धक्क्यास रिकामे आहे. घ्यावे." हास्कीनांनी तोंड उघडावे तो तामसीनबाईंनीच उत्तर दिले, "घेतील. त्यांचा अंगरखा मी झाडोनच ठेविला आहे."

जहाज मिळाले, परंतु माणसे कोठोन आणावी? त्या राज्याची एक वाईट चाल आहे ती येथे सांगितली पाहिजे. आरमारात आपण होऊन खलाशी येत नाहीत, कारण गेलेला परत येईल याचा भरवसा नाही. म्हणोन दरबाराचे शिपाई सोटे घेवोन हिंडतात, आणि दारूचे पिठ्यांतोन, होड्यांतोन, प्रसंगी नवरीचे बाजूने नवरा उचलोन आणितात. युद्ध तोंडावर, बंदर आधीच झाडोन नेलेले, आणि 'सागरकन्ये'वर पास्को, स्वयंपाकी आणि एक मांजर एवढीच फौज. सोटेवाले पुसावयास आले की किती धरोन आणू, तर हास्कीन म्हणाले, "कोणास धरो नका. मजपाशी येणारा माझ्यावर रागावलेला नसावा." पास्कोने कपाळास हात लाविला. त्या दिवशी कोणी आले नाही. हास्कीन फळीवर उभे राहोन पाहत होते, आणि त्यांचे मनात आले की इतक्या वर्षांनी जहाज मिळाले ते धक्क्यावरच कुजणार. दुसरे दिवशी सकाळी धक्क्यावर गलबला ऐकू आला. हास्कीनांस वाटले, दंगा जाहला. पाहतात तो माणसे. गाठोडी खांद्यावर, काहींबरोबर बायका निरोप द्यावयास, काहींबरोबर म्हाताऱ्या आया. सोटेवाले शेजारी उभे होते आणि त्यांस करावयास काही काम नव्हते. जे एरवी त्यांस पाहोन गवताचे गंजीत दडत, ते त्यांस "सरका की बाजूस" म्हणोन वाट मागत होते. रांगेत सर्वांपुढे जो होता त्यास हास्कीनांनी पुसिले, "तू का आलास?" तो म्हणाला, "आईने पाठविले." त्याचे मागे ती म्हातारी उभी होती, ती बोलिली, "साहेब, बाकीचे मला पोराचे नावाचा पुतळा देतील. तुम्ही पोर आणोन द्याल."

पास्को लाकडी पाय आपटीत आला. म्हणाला, "साहेब, जागा संपली, रांग संपत नाही. आणि एकासही कोणी धरोन आणिले नाही. आपल्या पायांनी आले." तेव्हां बार्नबी हास्कीन, ज्यांचे डोळ्यांस घरी बसण्याचे दिवशीही पाणी आले नव्हते, ते तोंड फिरवोन दर्याकडे पाहते जाहले, आणि पास्को, ज्यास कोठे बोलो नये हे जन्मात कळले नव्हते, तो त्या वेळी गप्प राहिला. दोन प्रहरी वारा अनुकूल जाहला आणि 'सागरकन्या' आरमाराचे मागोमाग निघाली.

असो. युद्ध कोणी जिंकिले ते थोर लोकांचे बखरींत सापडेल, आम्ही ते लिहिले नाही. 'सागरकन्या' गेली त्या माणसांनिशी परत आली, हे लिहिले. राज्ये लोखंडाने उभी राहतात ऐसे म्हणतात, म्हणोत. ती कोणाचे तरी आईचे भरवशावर उभी असतात. बोरू येथे ठेविला. वाचणारांची माणसे घरी सुखरूप येवोत.